बागेतले दिवे आणि थंडी : ऐकीव गोष्टी आणि खऱ्या गोष्टी

ऑनलाइन मागवलेल्या सोलर गार्डन लाइटच्या खोक्यात बारीक अक्षरांचं एक माहितीपत्रक असतं. त्यात बहुधा एक सूचना सापडते : हिवाळ्यात दिवे काढून घरात ठेवा, बॅटरी वेगळी करा. ती वाचून आपल्याकडची काही मंडळी दिवाळी झाली की खरोखरच दिवे उपटून माळ्यावर टाकतात. ही सूचना खोटी नाही, पण ती बर्फाच्या मुलखासाठी लिहिलेली आहे. लिथियम आयन बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज करू नये, कारण तिच्या आत धातूचा थर साचून ती कायमची खराब होते. टोरोंटो किंवा शिकागोत ज्यांची मुलं राहतात, त्यांना तिथल्या बागांचे हाल ठाऊक असतील. पॅनेलवर बर्फाचा थर, जमीन गोठून फुगल्यामुळे खुंटीसकट वर आलेले दिवे. आपल्याकडे निफाडला पारा पाच अंशांच्या खाली गेला तरी दिवसा, म्हणजे चार्जिंगच्या वेळी, ऊन चांगलं तापलेलं असतं. महाराष्ट्रात थंडीसाठी दिवे काढून ठेवायची काहीही गरज नाही.

आपल्या बागेतल्या दिव्यांचं खरं नुकसान करतो तो पाऊस. थंडीत ते नुकसान फक्त उघडं पडतं. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पाऊस परततो, जमीन वाळू लागते. तेव्हापासून डिसेंबरपर्यंतचा काळ दुरुस्तीला सगळ्यात सोयीचा, पण नेमका तेव्हाच गैरसमजांचा बाजार भरतो.

‘थंडीत ऊन कमी, म्हणून सोलर दिवे चालत नाहीत’

जुलै-ऑगस्टच्या ढगांपेक्षा डिसेंबरचं निरभ्र आकाश सोलर पॅनेलला कितीतरी मानवतं. तरीही थंडीत दिवा रात्री दहालाच मान टाकतो, हेही खरं आहे. याला तीन कारणं आहेत आणि तिन्ही हाताळता येतात.

पहिलं कारण सावलीचं. मे महिन्यात पुण्यात सूर्य डोक्यावरून जातो. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मात्र तो भरदुपारीही दक्षिणेकडे, जमिनीपासून जेमतेम 48 अंशांवर असतो. म्हणजे पाच फुटी कुंपणभिंतीची सावली दुपारी बारालाही उत्तरेकडे साडेचार फूट पडते, सकाळ-संध्याकाळचं तर विचारूच नका. उन्हाळ्यात भिंतीलगत छान चार्ज होणारा दिवा थंडीत दिवसभर सावलीत बसतो. तो दोन हात पुढे रोवला किंवा पॅनेल दक्षिणेकडे कलतं केलं, की निम्मी तक्रार मिटते. दुसरं कारण रात्रीची लांबी : जूनमध्ये अकरा तासांच्या आत संपणारी रात्र डिसेंबरमध्ये तेरा तासांची होते आणि बॅटरीला तेवढं जास्त राबावं लागतं. तिसरं कारण धूळ. नोव्हेंबरनंतर पॅनेल धुवायला पाऊस नसतो आणि पारव्यांना मात्र बसायला तीच जागा आवडते. पंधरा दिवसांतून एकदा ओल्या फडक्यानं पुसणं एवढंच काम आहे.

बॅटरी संपली असेल तर ती बदला, पण घरातला साधा पेन्सिल सेल त्यात घालू नका. दिव्यातला निकेलचा सेल 1.2 व्होल्टचा, पुन्हा पुन्हा चार्ज होणारा असतो. 1.5 व्होल्टचा अल्कलाइन सेल चार्ज व्हायला बनवलेलाच नसतो. पॅनेल त्याला रोज चार्ज करू पाहतं, तो फुगतो, गळतो आणि आतली पट्टी खाऊन टाकतो.

‘आयपी 65 लिहिलंय, म्हणजे पाण्याची काळजी नाही’

आयपीनंतरचा पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. दुसऱ्या जागी 4 असेल तर दिवा शिंतोडे सोसतो, 5 असेल तर पाण्याची धार सोसतो आणि 7 असेल तर मीटरभर पाण्यात अर्धा तास तग धरतो. पण यातली 5 ची धार म्हणजे किती? चाचणीत साडेबारा लिटर दर मिनिटाला, 6.3 मिलिमीटरच्या नळीतून, अडीच ते तीन मीटरांवरून सोडतात. दिवाळीच्या सफाईत गाडी धुवायचा प्रेशर वॉशर जवळून दिव्यावर मारला, तर तो जोर या चाचणीच्या पलीकडचा असतो. दिव्यांना बादली आणि स्पंज पुरे. अ‍ॅक्रिलिकच्या काचेला थिनर तर लावूच नये, ती कायमची धुरकट होते.

शिवाय ही चाचणी नव्याकोऱ्या दिव्यावर केलेली असते. काचेखालचं रबर तीन-चार उन्हाळे खाऊन कडक होतं. त्यानंतर दिव्यावर छापलेला आकडा तसाच राहतो, दिवा मात्र तसा राहत नाही.

यातूनच थंडीतली ती नेहमीची तक्रार येते : ‘पाऊस संपून महिना झाला, तरी दिव्याच्या काचेत वाफ कुठून आली?’ संध्याकाळी दिवा पेटला की आतली हवा तापून पन्नास अंशांपर्यंत जाते. मध्यरात्री तो बंद होतो, बाहेर पारा बारावर आलेला असतो. गार होताना बंद पेटीतल्या हवेचा दाब दहा-बारा टक्क्यांनी उतरतो आणि दिवा बाहेरची दमट, दवाची हवा रबराच्या फटीतून, तारेच्या आवरणातून आत ओढून घेतो. रोज रात्री थोडी थोडी. म्हणूनच चांगल्या दिव्यांना हवा जाऊ देणारा, पाणी अडवणारा छोटा पडदा दिलेला असतो, आणि आपले लोक नेमका तोच ‘भोक दिसतंय’ म्हणून सिलिकॉननं बुजवतात. मग आत आलेलं पाणी बाहेर पडायची वाटच संपते.

दिवा लागल्यावर विरून जाणारा पातळ धुरकटपणा घातक नसतो. काचेवर थेंब ओघळत असतील किंवा तळाशी पाणी साठलं असेल, तर मात्र दिवा उघडायला हवा. मेन बंद करून, नोव्हेंबरातल्या कोरड्या दुपारी. मेलेले किडे आणि मुंग्यांची माती झटका, सगळं उन्हात पूर्ण वाळू द्या, रबर नवं बसवा, स्क्रू चारही बाजूंनी सारखे आवळा. हे काम दव पडायच्या आत उरका, नाहीतर ओल आत कोंडून झाकण लावल्यासारखं होतं.

‘बारा व्होल्टचं आहे, काही होत नाही’

कोरड्या हाताला बारा व्होल्टचा झटका सहसा जाणवत नाही, हे बरोबर. पण बारा व्होल्टच्या दिव्याच्या मागे 230 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर किंवा ड्रायव्हर असतो आणि तो बऱ्याचदा कुंडीमागे, विटेवर, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला सापडतो. त्या पिशवीत दव जमतं. तो भिंतीवर, जमिनीपासून फूट-दीड फूट उंच, झाकणाच्या पेटीत हवा.

दुसरी गोष्ट तापण्याची. साठ वॉटचे दिवे 230 व्होल्टवर पाव अँपिअरच्या आसपास प्रवाह घेतात, बारा व्होल्टवर पाच अँपिअर. म्हणजे जवळपास एकोणीसपट. तेवढा प्रवाह सैल, गंजलेल्या जॉइंटमधून गेला की जॉइंट तापतो, काळा पडतो, वाळक्या पाल्यात असेल तर आगही लावू शकतो.

आणि तिसरी गोष्ट रांगेतले शेवटचे दिवे मंद जळण्याची. वायरमन म्हणतो ट्रान्सफॉर्मर लहान पडतोय, मोठा घालू. हिशोब करून पाहा : तांब्याची 1.5 चौरस मिलिमीटरची तार, वीस मीटर लांब, म्हणजे जाऊन-येऊन चाळीस मीटर. टोकाला साठ वॉटचा भार असेल तर वाटेतच सुमारे 2.4 व्होल्ट खर्च होतात आणि दिव्यांना साडेनऊच्या आसपास मिळतात. ट्रान्सफॉर्मर कितीही मोठा घाला, फरक पडणार नाही. चार चौरस मिलिमीटरची तार घातली तर घट एक व्होल्टच्या आत येते. किंवा ट्रान्सफॉर्मर रांगेच्या मध्यावर आणा.

जॉइंटबद्दल एकच सांगायचं. मातीत पुरलेल्या जॉइंटवर काळी टेप कितीही वेढे गुंडाळली तरी ती पाणी अडवत नाही. एका पावसाळ्यात तिचा डिंक सुटतो. जेल भरलेले कनेक्टर मिळतात, आतून चिकटणारी हीट श्रिंक नळी मिळते, त्या वापरा. सगळ्यात उत्तम म्हणजे जॉइंट जमिनीवर पेटीत घ्या. घुशी तार कुरतडतात, त्यांचा बंदोबस्त आर्मर्ड केबलनं होतो.

काही छोटे समज

‘थंडीत एलईडी बिघडतात.’ उलट आहे. एलईडीचा शत्रू उष्णता, गार हवेत तो जास्त चांगला चालतो. खोक्यावर 50,000 तास लिहिलेले असतात, म्हणजे रोज अकरा तास धरले तर बारा वर्षं. पण तो आकडा सहसा एलईडीचा प्रकाश सत्तर टक्क्यांवर यायला लागणाऱ्या वेळेचा असतो. त्यामागचा ड्रायव्हर बराच आधी दम तोडतो. अख्खा दिवा फेकण्याआधी ड्रायव्हर तपासा.

‘टायमर एकदा लावला की झालं.’ पुण्यात जूनअखेर सूर्य सव्वासातच्या सुमारास मावळतो, नोव्हेंबरअखेर सहाच्या आतच. जूनमध्ये लावलेला टायमर थंडीत बागेला तासाभराहून जास्त अंधारात ठेवतो. साधा काट्याचा टायमर वीज गेली की थांबतो, तोही मागे पडत जातो.

‘स्टेनलेस स्टील गंजत नाही.’ अलिबाग, रत्नागिरी, गोवा इथल्या खाऱ्या वाऱ्यात 304 जातीच्या पोलावर वर्षभरात तांबूस डाग येतात. किनाऱ्यावर मॉलिब्डेनम असलेली 316 जात किंवा पितळ घ्यावं.

‘प्रकाशानं झाडांना काय होतंय?’

थंडी हा शेवंतीचा मोसम. एका बाजूच्या कुंड्या फुलांनी लगडलेल्या आणि स्पॉटलाइटजवळच्या कुंड्या नुसत्या हिरव्यागार, असं दिसलं की लोक खताला दोष देतात. शेवंती रात्र मोठी झाली की कळ्या धरते. रात्री तिच्यावर प्रकाश पडत राहिला तर तिच्या लेखी दिवस लहान झालेलाच नसतो. पॉलिहाउसमधले उत्पादक मध्यरात्री बल्ब लावून हेच मुद्दाम करतात, फुलं पुढं ढकलायला. पॉइन्सेटियाचं तसंच. पानं लाल व्हायला तिला कित्येक आठवडे रोज बारा-चौदा तास सलग अंधार लागतो. व्हिएतनाममध्ये ड्रॅगन फ्रूटच्या बागांत तर थंडीत रात्री दिवे लावून बिगरमोसमी फुलं आणतात, कारण त्याचं उलटं आहे, त्याला मोठा दिवस हवा. थोडक्यात, झाडांना प्रकाश कळतो. शेवंतीवरचा दिवा दोन महिने वळवून ठेवा.

झाडाच्या बुंध्याला माळा आवळणं, खिळे ठोकणं हे आणखी वाईट. साल कापली जाते, बुंधा जाड होताना तार आत रुतते. झाडांवरच्या रोषणाईचा विषय 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला होता. दिवाळीत लावलेली माळ नववर्षापर्यंत, आणि मग आळसानं होळीपर्यंत, झाडावर राहते. घरच्या बागेत तरी तुळशीच्या लग्नानंतर ती उतरवायला हरकत नसावी.

‘ईएलसीबी सारखी पडते, खराब असेल’

बागेच्या लाइनची ईएलसीबी, म्हणजे आजच्या भाषेत आरसीसीबी, पहाटे पडते. सकाळी दहाला ऊन आल्यावर, सगळे दिवे लावूनही, चढवली की टिकते. वायरमन म्हणतो, ‘साहेब, हिच्यातच फॉल्ट आहे, डायरेक्ट करून देतो.’ हे वाक्य ऐकलं की त्याला चहा पाजून परत पाठवा. पहाटे पडून दहाला टिकणं ही दवाची खूण आहे. कुठल्यातरी जॉइंटमध्ये, पेटीत किंवा दिव्यात ओल जाऊन वीज जमिनीत गळतेय. एकेक दिवा सोडवत गेलं की दोषी सापडतो.

एमसीबी आहे की, मग आरसीसीबी कशाला, असंही विचारतात. एमसीबी तारेला वाचवते, माणसाला नाही. दहा अँपिअरची एमसीबी दहाच्या पुढे हलते. माणसाचा जीव जायला त्याचा अगदी क्षुल्लक अंश पुरतो. घरगुती आरसीसीबी 30 मिलिअँपिअरला, म्हणजे 0.03 अँपिअरला तुटते. तिच्यावरचं ‘टी’ बटण दाबून ती पडते का, हे महिन्यातून एकदा पाहावं. मात्र त्या बटणानं आरसीसीबी तपासली जाते, अर्थिंग नाही. अर्थिंगचा खड्डा पावसाळ्यात ओला असतो, जानेवारीपासून कोरडा पडत जातो, त्यात अधूनमधून पाणी घालावं लागतं आणि मापन परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावं.

बागेच्या लाइनवर 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी नसेल, तर यंदा नवे दिवे घेऊ नका. आधी ती बसवा.