उणीव कोणाची? : एका इंग्रजी क्रियापदाची इटालियन अडचण

आजचा आमचा विषय अवघ्या तीन शब्दांचा आहे. 'आय मिस यू' हे ते तीन शब्द. इंग्रजी नुकतीच शिकू लागलेले मूलही ते वाचू शकेल. पण इंग्रजी वर्तमानपत्र सहज वाचणारा एखादा सुशिक्षित इटालियन गृहस्थ हे वाक्य बोलायला गेला की पुष्कळदा 'यू मिस मी' असे बोलून बसतो. 'मला तुझी फार आठवण येते' असे त्याला सांगायचे असते आणि 'तुला माझी फार आठवण येते' असे तो समोरच्या माणसाला ऐकवतो. प्रेमाचे वाक्य आढ्यतेचे होते! बरे, वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष असते, त्यामुळे ऐकणाऱ्याला चूक झाली आहे हेदेखील कळत नाही. त्याला फक्त राग येतो.

श्रोत्यांपैकी कोणी विचारील, इटालियन माणसाच्या व्याकरणाची उठाठेव आपण कशाला करावी? त्याचे उत्तर असे की, ही अडचण खुद्द इंग्रजाला जितकी लवकर समजणार नाही तितकी ती आपल्याला समजते. कारण या बाबतीत आपण इटालियनांच्या बाजूचे आहोत.

इटालियनमध्ये हाच भाव दोन शब्दांत सांगतात : 'मि मांकि'. यातला 'मि' म्हणजे 'मला' आणि 'मांकि' हे 'मांकारे', म्हणजे उणे असणे, कमी पडणे, या क्रियापदाचे द्वितीय पुरुषी एकवचनी रूप. एकंदर अर्थ, 'तू मला उणा आहेस.' येथे कर्ता कोण? 'तू'. मन दुखते ते माझे, परंतु व्याकरणात क्रियेचा धनी जो दूर आहे तो. मी बिचारा 'मला' होऊन बाजूला उभा. आपल्या मराठीतही असेच नाही का? मला भूक लागते, मला झोप येते, मला तुझी आठवण येते, मला करमत नाही. ज्याला काही वाटते तो आपल्याकडे बहुधा चतुर्थीत असतो. जणू भावना ही आपण करण्याची गोष्ट नसून आपल्याकडे येण्याची गोष्ट आहे. इंग्रजीला हे मान्य नाही. तिथे ज्याला वाटते तोच कर्ता, त्याने वाक्याच्या आरंभी उभे राहिले पाहिजे, आणि ज्याच्यावाचून करमत नाही तो कर्म होऊन मागे गेला पाहिजे.

इटालियन विद्यार्थी काय करतो? 'मि'च्या जागी 'मी' हा इंग्रजी शब्द ठेवतो, 'मांकि'च्या जागी 'मिस' ठेवतो, आणि त्या रूपात दडलेला 'तू' कर्ता म्हणून पुढे काढतो. 'यू मिस मी' हे वाक्य अशा रीतीने अगदी प्रामाणिकपणे तयार होते. उलट प्रश्न विचारायचा असेल तर गंमत अधिक होते. 'तुला माझी आठवण येते का?' याला इटालियनमध्ये 'ति मांको?' म्हणतात, शब्दशः 'मी तुला उणा आहे का?' त्याचे इंग्रजी तो 'डू आय मिस यू?' असे करतो. म्हणजे 'मला तुझी आठवण येते का?' असे स्वतःविषयी दुसऱ्यालाच विचारतो. यावर समोरच्याने काय बोलावे?

शब्दकोशाचाही येथे उपयोग होत नाही. 'मांकारे' समोर 'मिस' लिहून तो मोकळा होतो. वस्तुतः या दोन शब्दांची कुळे निराळी आहेत. 'मांकारे'चे मूळ लॅटिन 'मांकुस' या विशेषणात आहे. त्याचा अर्थ थोटा, अपंग. काहीतरी तुटलेले आहे, कमी आहे, ही त्यातली मूळ कल्पना. इंग्रजी 'मिस' जर्मानिक कुळातला, आणि त्याचा जुना अर्थ नेम चुकणे. बाण लक्ष्याला लागला नाही, हात पोचला नाही, या अर्थापासून निघून तो शब्द हळूहळू 'जे हाताला लागत नाही त्याची उणीव जाणवणे' येथवर येऊन पोचला. (कुमारिकेच्या नावामागे लागणारा 'मिस' हा शब्द अगदी वेगळा, तो 'मिस्ट्रेस'चा संक्षेप आहे.)

ही वाटचाल कोणाला ओढूनताणून आणलेली वाटेल. त्यांनी आपल्याच भाषेकडे पाहावे. आपला नेम चुकतो, रस्ता चुकतो, गाडी चुकते. आणि घरातले माणूस परगावी गेले की आपण म्हणतो, 'चुकल्याचुकल्यासारखे वाटते.' नेम चुकण्यापासून मनाच्या हुरहुरीपर्यंत मराठी शब्दही त्याच वाटेने गेला आहे. म्हणजे शब्दाची कल्पना इंग्रजीसारखी आणि वाक्याची घडण इटालियनसारखी, असे आपले मधले ठाणे आहे.

आता गाडीचेच घ्या. मराठीत गाडी चुकते, इंग्रजीत माणूस गाडीला 'मिस' करतो, आणि इटालियनमध्ये माणूस गाडी हरवतो : 'ओ पेर्सो इल त्रेनो'. 'पेर्देरे' म्हणजे हरवणे, गमावणे. त्यामुळे इटालियन माणूस इंग्रजीत 'आय लॉस्ट द ट्रेन' म्हणतो. एवढी मोठी गाडी याने कोठे हरवली, अशी शंका इंग्रजाला यावी! आमचा मराठी विद्यार्थी दुसऱ्या टोकाला जातो आणि 'माय ट्रेन मिस्ड' असे लिहितो. आमच्याही वहीत ते एकदा सापडले होते, हे कबूल केले पाहिजे. तास बुडाला तर इटालियनमध्ये पुन्हा 'पेर्देरे', मुद्दाम बुडवला तर 'साल्तारे', म्हणजे उडी मारून ओलांडणे. आपल्याकडे चुकणे आणि चुकवणे हा भेद आहे, तसाच हा. इंग्रजी 'मिस' दोन्हींवर पांघरूण घालतो. बोलणाऱ्याचा एखादा शब्द कानातून निसटला तर इटालियन म्हणतो 'मि ए स्फुज्जितो', तो शब्द माझ्यापासून निसटून गेला. येथेही दोष शब्दाचा! इंग्रज मात्र तो दोष आपल्याकडे घेतो आणि 'आय मिस्ड इट' म्हणतो.

हा सारा केवळ पंडितांचा खेळ नव्हे. इंग्लंडात बेडफर्ड नावाचे गाव आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तिकडे घरबांधणीसाठी विटांची फार मागणी होती आणि वीटकारखान्यांना मजूर मिळत नव्हते. तेव्हा १९५१ पासून दक्षिण इटलीतल्या खेड्यापाड्यांतून हजारो माणसे तेथे नेण्यात आली. अशा एखाद्या मजुराची कल्पना करा. उशीर झाला म्हणून तो मुकादमाला सांगतो, 'आय लॉस्ट द बस'. मुकादम हसतो, निभावते. पण संध्याकाळी इंग्रज शेजारीण विचारते, गावाकडची आठवण येते का? त्याला सांगायचे असते, आई मला उणी आहे. तो म्हणतो, 'माय मदर मिसेस मी.' शेजारीण सहानुभूतीने मान हलवते आणि आईविषयी बोलू लागते. आईला आठवण येत असेलच, पण तो आपल्या मनाचे सांगत होता, ते तसेच राहिले. 'लॉस्ट द बस' ही चूक दिसते, म्हणून कोणीतरी सुधारते. ही दुसरी चूक दिसत नाही, आणि म्हणून आम्हांला ती अधिक वाईट वाटते.

मग शिकवावे कसे? आमच्या मते 'मि मांकि'चे भाषांतर करायला लावूच नये. इटालियनमध्ये याच अर्थाचा दुसरा प्रयोग आहे : 'सेंतो ला तुआ मांकान्त्सा', मी तुझी उणीव अनुभवतो. थोडा लांबट आणि जड आहे, पण त्यात 'मी' कर्ता आहे. विद्यार्थ्याने आधी हे वाक्य मनात आणावे आणि त्यावरून इंग्रजीकडे जावे. म्हणजे उलटापालट करावी लागत नाही. दुसरी काळजी घ्यावयाची ती पुढे क्रियापद येते तेव्हा. 'तुला पाहणे मला उणे आहे' या अर्थाने इटालियन 'मि मांका वेदेर्ति' म्हणतो, आणि त्या सवयीने इंग्रजीत 'आय मिस टु सी यू' असे करतो. तेथे 'सीइंग' पाहिजे; 'मिस'च्या मागे 'टु' चालत नाही.

'लाइक' या क्रियापदाशीही त्याचे असेच भांडण आहे. 'मि प्याचे' म्हणजे 'मला आवडते', शब्दास शब्द. पण इंग्रजीची तरी ऐट कशाला? जुन्या इंग्रजीत हेच क्रियापद 'आवडते वाटणे', 'संतोष देणे' या अर्थाचे होते आणि ज्याला आवडे तो चतुर्थीत असे. मध्ययुगाच्या अखेरीपर्यंत ते वाक्य उलटले आणि 'मला' चे 'मी' झाले. म्हणजे इटालियन विद्यार्थी चुकतो तो एका अर्थी इंग्रजांच्या पूर्वजांसारखा बोलून चुकतो.

एक जागा मात्र अशी आहे की जेथे त्याला घरी आल्यासारखे वाटावे. सभागृहात दोन खुर्च्या कमी आहेत. इटालियन म्हणतो 'मांकानो दुए सेदिए', इंग्रज म्हणतो 'टू चेअर्स आर मिसिंग'. जे नाही तेच येथे इंग्रजीतही कर्ता झाले! पण सवय झालेला विद्यार्थी येथे नेमका 'मिस टू चेअर्स' म्हणून घोटाळा करतो. 'मिसिंग' हे रूप त्याला वेगळे, स्वतंत्र शब्द म्हणून शिकवावे हे बरे. युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकालाही इंग्रजीत हाच शब्द आहे, मात्र तेथे इटालियन 'मांकारे' सोडून 'दिस्पेर्सो', म्हणजे विखुरलेला, पांगलेला, असे म्हणतो.

इकडे आपल्या घरांत काय चालले आहे तेही पाहण्यासारखे आहे. परदेशी राहणारी नात दूरध्वनीवर म्हणते, 'आजी, मी तुला खूप मिस करते.' शब्द एक आला, पण येताना इंग्रजी वाक्याची घडणही घेऊन आला. 'मला' जाऊन 'मी' आली आणि आजी कर्म झाली. आम्ही यावर नाक मुरडणार नाही. नातीला जे वाटते ते आजीला बरोबर कळते. आजी मात्र अजून 'तुझ्यावाचून करमत नाही गं' असेच म्हणते, आणि नातीलाही ते कळते.