बाळंतपणाचे अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका

बाळंतपण कोणत्या दवाखान्यात करायचे, हा प्रश्न घुग्घुसच्या कामगार वस्त्यांत बहुतेक घरी एकाच शब्दात मिटतो : जवळच्या. खिशात पैसा नसलेल्या माणसाकडे निवडीचे दुसरे माप नसते, म्हणून या उत्तराला कोणी अडाणीपणा म्हणू नये. पण हे माप पुरेसे आहे का, याचा विचार मात्र आपल्या समाजाने केलाच पाहिजे.

घुग्घुसहून पडोलीमार्गे चंद्रपूर सुमारे २५ किलोमीटर. तेथे २०१५ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. दुसऱ्या बाजूला वर्धा नदी ओलांडली की वणी; जिल्हा बदलतो एवढेच. नकाशावर दोन्ही जवळच दिसतात. पण नकाशाला कोळशाचे आणि सिमेंटचे ट्रक दिसत नाहीत. गावातल्या रेल्वे फाटकावर अडकून पडणाऱ्या वाहनांवरून घुग्घुसकरांना आंदोलने करावी लागली, तेही नकाशावर नाही. जुलै २०२२ मध्ये वर्धेला महापूर आला तेव्हा नदीपलीकडचे जवळ एकदम लांब झाले. म्हणून किलोमीटर नव्हे, मिनिटे मोजा. तीही दुपारची नव्हे, रात्रीची आणि पावसाळ्यातली.

मिनिटे कुठपर्यंत मोजायची? दवाखान्याच्या दारापर्यंत नाही. बाळ झाल्यावर बाईला जोराचा रक्तस्राव सुरू झाला, तर दोन तासांतही जीव जाऊ शकतो. हे कोणाच्या बाबतीत घडेल, हे आधी खात्रीने सांगता येत नाही; धडधाकट बाईच्याही बाबतीत घडते. अशा वेळी रक्त, भूलतज्ज्ञ आणि सिझर करणारा डॉक्टर जिथे आहे, तेच खरे ठिकाण. ते नसलेला जवळचा दवाखाना म्हणजे वाटेतला थांबा. तिथून 'पुढे न्या' अशी चिठ्ठी मिळते आणि मिनिटे पुन्हा पहिल्यापासून मोजावी लागतात. 'चोवीस तास सेवा' ही पाटी पेंटर रंगवतो, डॉक्टर नाही. म्हणून सातव्या महिन्यातच जाऊन विचारावे : रात्री सिझर होते काय? रक्त इथे मिळते की आणावे लागते? अडचण आली तर पुढे कुठे पाठवता?

आणखी एक गोष्ट आपल्या घरातली आहे. विदर्भातील अनुसूचित जाती आणि आदिवासी समाजांत सिकलसेल मोठ्या प्रमाणावर आढळतो. पोरीची तपासणी गरोदरपणाच्या सुरुवातीलाच व्हावी. ती सिकलसेलची रुग्ण निघाली, तर जवळ-लांबचा हिशेब सोडून बाळंतपण रक्तपेढी असलेल्या मोठ्या रुग्णालयातच करावे. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपल्याकडे रीत आहे. रीत जरूर पाळा, पण माहेर कुठल्या आडगावात असेल तर सासरच्या नव्हे, माहेरच्या दारापासून रस्ता मोजा.

शेजारच्या गडचिरोलीत हे अंतर किती क्रूर आहे! पर्लकोटा नदी फुगली की भामरागडचा रस्ता दरवर्षी तुटतो. म्हणूनच आदिवासी भागात प्राथमिक आरोग्य केंद्रांशेजारी 'माहेरघर' ही योजना आली. कळा सुटण्याआधीच गरोदर बाईने तिथे येऊन राहायचे. दवाखाना घराजवळ येत नसेल तर बाईला दवाखान्याजवळ आणायचे, हा विचार चांगलाच आहे. पण तिची घरी राहिलेली लेकरे कोण सांभाळणार आणि बुडालेली मजुरी कोण देणार?

बुडालेल्या मजुरीचा हा प्रश्न बाबासाहेबांनी फार आधी ओळखला होता. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना, आईला विश्रांती मिळणे देशाच्या हिताचे आहे, असे त्यांनी मांडले. त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलावा, पण तिच्या श्रमाचा फायदा घेणारा मालकही मोकळा सुटू नये, ही त्यांची भूमिका होती. पुढे व्हाईसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना १९४३ मध्ये त्यांनी खाणकामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभ कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले. म्हणजे कोळशाच्या खाणीतल्या बाईचे बाळंतपण तेव्हाच दिल्लीच्या सभागृहात पोचले होते.

आणि आज? कोळसा कंपनीच्या कायम कामगाराच्या बायकोला कंपनीचे रुग्णालय आहे. त्याच खाणीत कंत्राटावर राबणाऱ्याच्या बायकोला तोच दरवाजा तितक्याच सहज उघडत नाही. दोघी एकाच गावात राहतात, एकाच धुळीत श्वास घेतात, पण एकीचा दवाखाना दुसरीपेक्षा जवळ आहे. हे अंतर रस्त्याने पाडलेले नाही, नोकरीच्या कागदाने पाडले आहे.

सरकारी रुग्णालयातले बाळंतपण, सिझर, औषधे, रक्त आणि येण्याजाण्याचे वाहन हे सारे २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार मोफत आहे. ती मेहरबानी नाही. १०२ आणि १०८ हे क्रमांक घरातल्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. कंत्राटी कामगारांच्या संघटनांनी बोनसच्या मागणीबरोबर कंपनीच्या रुग्णालयातील प्रसूतीची मागणीही लेखी द्यावी. घुग्घुसला २०२० मध्ये नगर परिषद मिळाली आहे. मत मागायला दारात येणाऱ्याला बायकांनीच विचारावे : रात्री दोन वाजता सिझर करणारा डॉक्टर माझ्या घरापासून किती मिनिटांवर आहे?