लीला चिटणीस : नायिका, माता आणि स्थलांतर

हिंदी चित्रपटातील सोशिक, पांढऱ्या वस्त्रांतील आईचा उल्लेख झाला की लीला चिटणीस यांचे नाव येते आणि विवेचन बहुधा तेथेच थांबते. या रूढ प्रतिमेमागे एका भाषेतून दुसरीत, रंगभूमीवरून पडद्यावर आणि अखेर परदेशी असे अनेकपदरी स्थलांतर आहे, याची दखल क्वचितच घेतली जाते.

पूर्वाश्रमीच्या लीला नगरकर यांचा जन्म धारवाडचा. हे शहर तेव्हा मुंबई इलाख्यात होते; १९५६ च्या पुनर्रचनेत ते म्हैसूर राज्यात गेले. कन्नड भूमीतील मराठी घर, वडील इंग्रजी साहित्याचे प्राध्यापक, अल्पवयात झालेला व पुढे मोडलेला विवाह, चार मुलगे आणि शिक्षिकेची नोकरी, ही त्यांची पार्श्वभूमी होय. त्या रंगभूमीकडे वळल्या तो काळ 'नाट्यमन्वंतर'चा. ब्यर्नसनच्या नॉर्वेजियन नाटकावरून रचलेल्या 'आंधळ्यांची शाळा' (१९३३) या नाटकाने संगीत नाटकाच्या आतषबाजीऐवजी वास्तव नेपथ्य, संयत संवाद आणि स्त्रीभूमिकेत स्त्रिया यांचा आग्रह धरला. ही संस्था अल्पायुषी ठरली. परंतु तिच्यात वावरलेल्या या अभिनेत्रीने बेताच्या, आवाज न चढविणाऱ्या अभिनयाची शिस्त पडद्यावर नेली, असे म्हणता येते.

'जंटलमन डाकू'त (१९३७) त्यांनी पुरुषवेष केला. फ्रान्झ ओस्टेन या जर्मन दिग्दर्शकाच्या 'कंगन'मुळे (१९३९) त्या बॉम्बे टॉकीजच्या नायिका झाल्या. 'बंधन' (१९४०) आणि 'झूला' (१९४१) यांतही नायक अशोककुमारच होते. लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकलेली पहिली भारतीय तारका म्हणूनही त्यांचाच उल्लेख होतो. आणि १९४८ साली 'शहीद'मध्ये त्या दिलीपकुमारांच्या आई झाल्या! पडद्यावरील हा मुलगा त्यांच्याहून जेमतेम तेरा वर्षांनी लहान होता.

याला केवळ ओहोटी म्हणणे अन्यायाचे होईल. 'आवारा'तील (१९५१) न्यायाधीशाची परित्यक्ता पत्नी प्रथम तरुण दिसते, नंतर झोपडपट्टीत खंगलेली. ज्याने घराबाहेर काढले त्याच्याच मोटारीखाली ती सापडते. एकाच चित्रपटात यौवन आणि वार्धक्य पेलणारी ही भूमिका दुय्यम असूनही कथेचा कणा ठरते. 'नया दौर' (१९५७), 'गंगा जमुना' (१९६१), 'गाइड' (१९६५) यांतील माता त्याच कुळातील. मात्र पटकथाकारांनी त्यांना त्यागाखेरीज फारसे काही दिले नाही. व्यवसायाचा पक्षपात तारखांवरूनच कळतो. १९५८ साली 'साधना'त लीलाबाई सुनील दत्तची आई होत्या. त्याच वर्षी 'हावडा ब्रिज'मध्ये मधुबालाचे नायक होते अशोककुमार.

१९५५ साली त्यांनी 'आज की बात' स्वतः दिग्दर्शित केला. 'चंदेरी दुनियेत' हे आत्मकथन १९८१ साली मराठीत आले. हिंदी पडद्यावर कारकीर्द घडविणाऱ्या या अभिनेत्रीने स्वतःविषयी लिहिताना निवडली ती मराठीच. १९८० च्या दशकाच्या अखेरीस त्या मुलांकडे अमेरिकेत गेल्या आणि १४ जुलै २००३ रोजी कनेक्टिकट राज्यातील डॅनबरी येथे त्यांचे निधन झाले.