मॉड्युलेशन : पण करायचं कशाला?

कम्युनिकेशनच्या व्हायवात ‘मॉड्युलेशन म्हणजे काय?’ याचं उत्तर बहुतेकांना पाठ असतं. ‘पण करायचं कशाला?’ असं विचारलं की गाडी अडते. म्हणून आज व्याख्या बाजूला ठेवू आणि या ‘कशाला’कडेच बघू.

समजा, समोरच्या ब्लॉकमधल्या मित्राला चिठ्ठी पोचवायची आहे. नुसता कागद फेकला तर खाली पडणार. तोच दगडाला गुंडाळून फेकला की थेट गॅलरीत! मित्र चिठ्ठी वाचतो, दगड टाकून देतो. चिठ्ठी म्हणजे आपला आवाज, दगड म्हणजे कॅरियर आणि कागद सोडवून घेणं म्हणजे डिमॉड्युलेशन. फरक एवढाच, की दगड आहे तसाच राहतो. कॅरियर लहर मात्र आवाजाप्रमाणे बदलली जाते.

आवाजाचा सिग्नल थेट अँटेनाला दिला तर? अँटेना साधारण तरंगलांबीच्या पाव भागाएवढा तरी लागतो. ३ किलोहर्ट्झची तरंगलांबी १०० किलोमीटर, म्हणजे अँटेना २५ किलोमीटरचा! १०० मेगाहर्ट्झच्या कॅरियरला ७५ सेंटीमीटर पुरतात. शिवाय सगळी स्टेशनं एकाच पट्ट्यात बोलू लागली तर जेवणाच्या वेळची मेसच. प्रत्येकाला वेगळा कॅरियर दिला, की हवं ते स्टेशन लावता येतं.

आता कॅरियरमध्ये बदलायचं काय? लहरीची उंची बदलली तर एएम, वारंवारता बदलली तर एफएम. विजेचा कडकडाट किंवा मिक्सरची खरखर मुख्यतः उंची बिघडवते. एएममध्ये निरोप उंचीतच असतो, त्यामुळे खरखरही कानात येते. एफएम रिसीव्हर उंचीतले चढउतार छाटून टाकतो. निरोप वारंवारतेत सुखरूप.

हे सुरुवातीला कुणाला पटलं नव्हतं. १९२२ मध्ये जॉन कार्सन यांनी गणिताने दाखवलं, की एफएममुळे बँडविड्थ वाचत नाही. तेव्हा त्यात फायदा नाही असं त्यांचं मत झालं. गणित बरोबरच होतं. एडविन आर्मस्ट्राँग यांनी मात्र उलटा विचार केला : वाचवायची कशाला, जास्तच वापरू! १९३३ मध्ये त्यांना वाइडबँड एफएमची पेटंटं मिळाली. गंमत म्हणजे एफएमची बँडविड्थ आपण आजही कार्सनच्याच नियमाने काढतो. डेव्हिएशन ७५ आणि आवाजाची वरची मर्यादा १५ किलोहर्ट्झ धरली, तर २ × (७५ + १५) = १८० किलोहर्ट्झ. आपल्याकडे मीडियम वेव्हवर दोन एएम चॅनेलमध्ये अंतर असतं फक्त ९ किलोहर्ट्झ. स्वच्छ आवाजाची किंमत ही अशी मोजावी लागते.

मोबाइलमध्येही हाच हिशोब आहे. तिथे शून्य आणि एक पाठवायला कॅरियरची उंची आणि फेज दोन्ही बदलतात. रेंज चांगली असेल तर ६४-क्वाममध्ये एका सिंबॉलमागे ६ बिट जातात. रेंज पडली की फोन आणि टॉवर क्यूपीएसकेवर उतरतात. मग २ बिटच. कोपऱ्यातल्या रूममध्ये नेट रडतं, त्याचं एक कारण हे. वेग कमी होतो, पण निरोप चुकत नाही.

तेव्हा व्हायवात कुठलंही मॉड्युलेशन समोर आलं तर दोनच प्रश्न विचारा : यात निरोप कशात ठेवलाय, आणि त्याची किंमत कशात मोजली? सूत्र विसरलात तरी उत्तर अडणार नाही.