हवेतील धूळ आणि मृत्यूची वही

आपल्या चंद्रपुरात कोणी वारले की लोक विचारतात, काय झाले होते? उत्तर मिळते, दमा होता, हृदय बंद पडले, वय झाले होते. ‘धुळीने गेला’ असे उत्तर आम्ही संघटनेच्या इतक्या वर्षांच्या कामात एकदाही ऐकले नाही. तरीही हवेतील बारीक धूळ माणसे मारते असे शास्त्रज्ञ निश्चयाने सांगतात. हे त्यांना कळले कसे, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

खाणीच्या रस्त्यावर ट्रकमागे उडते ती धूळ डोळ्यांना दिसते; तिचा पुष्कळ भाग नाकाघशातच अडकतो. खरी घातक धूळ दिसत नाही. तिचा कण अडीच मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या चारशेव्या भागाएवढा किंवा त्याहूनही लहान. कोळसा, लाकूड, डिझेल जळताना तो निर्माण होतो, फुप्फुसाच्या अगदी तळाशी जातो आणि रक्तवाहिन्यांनाही अपाय करतो. म्हणून त्याचे कितीतरी बळी हृदयविकाराच्या व पक्षाघाताच्या नावावर लिहिले जातात.

एकट्या माणसाकडे पाहून हे उमगत नाही. एका कामगाराचा एक खाडा पडला तर त्याची शंभर कारणे असतील. परंतु दोन खाणींचे वर्षभराचे हजेरीपट शेजारी ठेवले आणि एकीकडे खाडे दीडपट निघाले, तर खाणीतच काही खोट आहे असा संशय कोणालाही येईल. मृत्यूंचा अभ्यास याच रीतीने होतो.

१९५२ च्या डिसेंबरात लंडनवर पाच दिवस धुरकट धुके बसले. मृत्यूंच्या नोंदी मोजल्या तेव्हा नेहमीपेक्षा सुमारे ४,००० माणसे अधिक दगावल्याचे दिसले. पुढे अमेरिकेतील सहा शहरांतील ८,१११ प्रौढांवर चौदा ते सोळा वर्षे नजर ठेवण्यात आली. वय, धूम्रपान, शिक्षण, वजन, कामावरची धूळ या साऱ्यांचा परिणाम हिशेबातून वेगळा काढला, तरी सर्वांत मलिन शहरातील मृत्यूचे प्रमाण सर्वांत स्वच्छ शहराहून २६ टक्के अधिक निघाले. हा निष्कर्ष १९९३ सालचा.

कामगारांनी विशेष ध्यानात ठेवावे असे उदाहरण युटा प्रांतातले आहे. तेथील पोलाद कारखाना मालक-कामगार तंट्यामुळे १९८६-८७ मध्ये सुमारे तेरा महिने बंद होता. तो चालू असताना श्वासविकाराने रुग्णालयात येणारी लहान मुले, तो बंद असतानाच्या तुलनेने, जवळजवळ दुप्पट होती.

आता आपल्या घराकडे वळू. येथे २,९२० मेगावॅटचे औष्णिक वीजकेंद्र आहे, भोवती कोळशाच्या खाणी व सिमेंटचे कारखाने आहेत. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांना गुण दिले, ८३.८८ गुणांनी चंद्रपूर चौथे आले. परंतु २०२४ मध्ये दहा भारतीय शहरांतील सुमारे ३६ लाख मृत्यूंचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात मुंबई व पुणे आहेत, चंद्रपूर नाही. घनमीटर हवेत दहा मायक्रोग्रॅम धूळ वाढली की रोजचे मृत्यू सुमारे १.४ टक्क्यांनी वाढतात, असे त्यात आढळले.

गडचिरोलीच्या रानात धुराडी थोडी. पण घरातील लाकडाच्या चुलीतूनही हेच कण निघतात. मोजणीची ताकद मात्र त्याच जिल्ह्याने दाखविली. ‘सर्च’ संस्थेने गावोगावचे बालमृत्यू मोजले. न्यूमोनियावर गावातच उपचार केल्याने ते घटतात, हे १९९० मध्ये जगापुढे मांडता आले ते त्या मोजणीमुळेच.

कारखाना बंद करा असे आम्ही म्हणत नाही. युटामध्ये मुलांचा श्वास मोकळा झाला तेव्हा बापाचा पगार थांबला होता. श्वास आणि भाकरी यांतून एक निवडण्याची पाळी कामगारावर येऊ नये. धुराड्यावरची राख पकडणारी यंत्रे अखंड चालवावीत, कोळशाचे ट्रक झाकावेत, रस्ते ओले ठेवावेत, ही मागणी आहे. पण मागणीला आकडा लागतो. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करावयाची असते. त्या अर्जात व्यवसायाचा आणि विडी-तंबाखूच्या सवयीचाही रकाना असतो. दुःखाच्या घाईत तो कोरा सोडू नका. गेलेल्या माणसाची ती शेवटची हजेरी होय, आणि मागे राहिलेल्यांच्या बाजूने तीच साक्ष देईल.