सत्तावीस इंचांची आगगाडी

दोन रुळांमधले अंतर म्हणजे गेज. आपल्या माथेरानच्या गाडीचे ते २४ इंच. ब्रिटनमधील वेल्सच्या टॅलिलिन रेल्वेचे मात्र २७! पाटीचा दगड वाहण्यासाठी १८६५ साली बांधलेली ही रेल्वे १९५० मध्ये मालक वारल्यावर बंदच पडायची. पण लेखक टॉम रोल्ट यांच्या पुढाकाराने त्याच ऑक्टोबरात बर्मिंगहॅमला रेल्वेवेड्यांची सभा भरली, मंडळ निघाले आणि मे १९५१ मध्ये हौशी मंडळींनी बिनपगारी गाडी सोडली. चालण्याजोगे इंजिन एकच, तेही १८६६ चे! दुसरे आणावे, तर त्याची चाके या रुळांवर बसायला हवीत. नशिबाने शेजारच्या, १९४८ मध्ये बंद पडलेल्या कॉरिस रेल्वेचे गेजही नेमके २७ इंच होते. तिची दोन इंजिने मंडळाने प्रत्येकी २५ पौंडांना घेतली. त्यांचे क्रमांकही बदलावे लागले नाहीत. टॅलिलिनची जुनी इंजिने होती १ आणि २. ही निघाली ३ आणि ४!