पदवीचा आनंद : साठ पानांचा, बिनकर्जाचा

पालघर, बोईसर, तारापूर या पट्ट्यातील आपल्या वस्त्यांत पावसाळ्याच्या तोंडावर कुठल्या ना कुठल्या घरी बी.ए., बी.कॉम.चा निकाल लागतो. कित्येक घरांतला तो पहिलाच पदवीधर असतो. बाप औद्योगिक वसाहतीत पाळीवर, आई पॅकिंगच्या नाहीतर घरकामाला. अशा घरात पदवी आली की चार माणसे बोलवावीत, तोंड गोड करावे असे वाटणारच, आणि वाटलेच पाहिजे. आमचा आक्षेप आनंदाला नाही. त्यापायी पतपेढीतून उचललेल्या कर्जाला आहे.

मंडप, लाऊडस्पीकर, केटरर, मटणाचे जेवण. एका संध्याकाळचा हा खर्च वर्षभर पगारातून कापला जातो. त्याच सुमारास एम.कॉम., बी.एड. किंवा स्पर्धा परीक्षेच्या वर्गाची फी भरायची असते. मग मुलगा फॉर्म भरत नाही आणि मुलीला तर "आता पुरे" असे सांगितले जाते. पदवीची मेजवानी पुढच्या शिक्षणाच्या मुळावर येते ती अशी.

विद्यार्थी भीमराव परीक्षा पास झाले तेव्हा लोकांनी त्यांचा सत्कार करायचे ठरवले. वडील सुभेदार रामजी आधी तयार नव्हते. पोराच्या डोक्यात हवा जाईल, अशी त्यांना भीती. केळुसकर गुरुजींनी त्यांचे मन वळवले आणि त्या सभेत स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भीमरावांना भेट दिले. सभेत खायला काय होते ते कोणाला आठवत नाही, पुस्तक मात्र सर्वांना ठाऊक आहे. पुढे बाबासाहेब १९१२ साली बी.ए. झाले आणि १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले. पदवीपाशी ते थांबले नाहीत.

आता हिशेबाचे बोलू. आम्ही पेशाने कारकून, तेव्हा आधी कागद-पेन्सिल घ्यावी. नावे लिहून माणसे मोजावीत. समजा, ६० झाली. मग वेळ ठरवावी. दुपारी एक किंवा रात्री आठला बोलावले तर पूर्ण जेवण घालावे लागते. संध्याकाळी पाचला बोलावले तर उसळ-पाव, शिरा आणि चहा यांत पाहुणा तृप्त होतो. पहिल्या पाळीचे कामगारही तोवर घरी आलेले असतात. दुसऱ्या पाळीवर गेलेल्यांचा वाटा मात्र आठवणीने बाजूला काढावा.

उसळ-पावाचे सामान (६० माणसे) : पांढरा वाटाणा साडेतीन किलो, आदल्या रात्री भिजवलेला. कांदे ३ किलो, बटाटे ३ किलो, टोमॅटो दीड किलो, तेल १ लिटर. माणशी तीन प्रमाणे १८० पाव, म्हणजे सहाच्या ३० लाद्या. बेकरीवाल्याला आदल्या दिवशी सांगून ठेवावे. शिऱ्याला रवा २ किलो, साखर २ किलो, तूप किंवा वनस्पती तूप १ किलो. चहाला दूध ३ लिटर, साखर पाऊण किलो, पत्ती पाव किलो. मुलांसाठी केळी ५ डझन.

जेवणच घालायचे असेल तर : तांदूळ ६ किलो, तूरडाळ २ किलो आणि अंड्यांचा रस्सा. अंड्यांचे ३ ट्रे म्हणजे ९० अंडी. न खाणाऱ्यांसाठी त्याच मसाल्यात बटाटा. वाडा कोलम चांगला खरा, पण महाग; वरणभाताला साधा तांदूळ चालतो. ताज्या मासळीचा बेत या दिवसांत धरू नये. १ जूनपासून समुद्रातली मासेमारी बंद असते आणि भाव चढतात.

हे सारे भाव बाजारात विचारून मांडावेत आणि बेरजेवर दहावा हिस्सा वरखर्चाला धरावा. बेरीज हातातल्या पैशांत बसली नाही तर कर्ज काढू नये, यादीतला पदार्थ कमी करावा. मोठी पातेली, स्टीलच्या ताटल्या महिला मंडळाकडून किंवा शेजाऱ्यांकडून मागाव्यात. थर्माकोलच्या ताटल्यांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे.

पावसाळी हवेत अन्न लवकर आंबते. रांधायचे ते त्याच दिवशी. शिजल्यावर दोनेक तासांत वाढून मोकळे व्हावे. पिण्याचे पाणी उकळून गार करावे.

"पोरगी पदवीधर झाली आणि उसळ-पावावर भागवले," असे म्हणणारा एखादा निघेलच. तो हप्ता भरायला येणार नाही. आहेर कोणी विचारलाच तर पुस्तक किंवा फीला हातभार मागावा. त्यात कमीपणा नाही.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. अशा कार्यक्रमांत आम्ही नेहमी पाहतो की सत्काराच्या वेळी आई आत स्टोव्हपाशी असते. जिने कामावर जाऊन, डबा भरून, रात्री जागून मुलाला शिकवले, तिलाच तो हार दिसत नाही. म्हणून बेत साधा ठेवावा. कांदे पदवीधराने आणि त्याच्या मित्रांनी चिरावेत, वाढपही त्यांनीच करावे. वडिलांनी चहा गाळावा. आईने चांगले लुगडे-साडी नेसून पहिल्या खुर्चीवर बसावे आणि पहिले पान तिला वाढावे.